बालवीरांचे पाठीराखे : पंडित हृदयनाथ कुंझरू

गळ्यांत रुमाल, हातांत काठी आणि कमरेला दोरीची गुंडाळी अशा थाटांत आपल्या शाळेचे बालवीर पटांगणांत रांगेनें उभे राहिले म्हणजे पाहणाराचें लक्ष साहजिकच त्या मुलांकडे जातें; फार तर त्यांच्या शिक्षकाकडे जातें. परंतु त्या मुलांना तेथवर आणून उभें करण्यासाठीं किती माणसें खपलेलीं असतात ह्याचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गणवेषाचें कापड कोणी तरी स्वस्तांत मिळवून दिलेलें असतें. शिबिरासाठीं जागा कोणी तरी मागून घेतलेली असते. प्रवासखर्चाची जुळवाजुळव कोणी तरी केलेली असते. आणि ज्या घरीं मुलगा शनिवारीं शेतावर हवा असतो त्या घरच्या वडिलांची समजूतही कोणी तरी ओट्यावर बसून घातलेली असते. असलीं कामें करणारांस पदकें मिळत नाहींत व त्यांचीं छायाचित्रेंही निघत नाहींत. ज्या थोर पुरुषाचें चरित्र ह्या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे, त्यांच्या दीर्घ आयुष्याचा पुष्कळसा भाग असल्याच कामांत खर्च झाला.

पंडित हृदयनाथ कुंझरू हें नांव आपल्या मराठवाड्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस अगदींच अपरिचित नाहीं. पण त्यांना तें ठाऊक असतें तें निराळ्याच संबंधांत. १९५३ सालीं भारत सरकारनें जो राज्यपुनर्रचना आयोग नेमला त्याचे न्यायमूर्ति फाजल अली, सरदार पणिक्कर व पंडित कुंझरू असे तीन सभासद होते. आपलें ताडकळस गांव त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होतें. तें राज्य मोडून त्याचे भाषेप्रमाणें भाग करावेत व मराठवाडा मुंबई राज्यास जोडावा, अशी शिफारस आयोगानें १९५५ सालीं केली, आणि त्याप्रमाणें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं आपण मुंबई राज्यांत आलों. विदर्भ निराळा ठेवावा व मराठी आणि गुजराथी मुलुख एकत्र नांदवावा, ही त्याच अहवालांतील सूचना मात्र मराठी जनतेस मुळींच रुचली नाहीं, आणि त्या काळीं आयोगाच्या सभासदांवर आपल्याकडे कठोर टीकाही झाली. तो वाद १९६० सालीं मिटला. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु त्या टीकेच्या धुरळ्यांत कुंझरूंचें दुसरें कार्य आपल्या दृष्टीआड राहिलें, ही गोष्ट खरी आहे.

हृदयनाथांचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजीं संयुक्त प्रांतांत स्थायिक झालेल्या एका काश्मिरी पंडित घराण्यांत झाला. त्यांचे वडील पंडित अयोध्यानाथ हे अलाहाबादच्या हायकोर्टांतील नामांकित वकील होते. १८८८ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अलाहाबादेस भरलें तेव्हां स्वागत मंडळाचें अध्यक्षपद त्यांजकडेच होतें. मंडपासाठीं जागा मिळूं नये म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनीं नाना अडथळे आणले. शेवटीं दरभंग्याच्या महाराजांनीं एक मोठा वाडाच विकत घेऊन सभेच्या हवालीं केला, तेव्हां कोठें अधिवेशन पार पडलें. हृदयनाथ त्या वेळीं वर्षा-सव्वा वर्षाचें मूल होते. १८९२ सालीं वडील वारले. वडिलांची प्रत्यक्ष आठवण त्यांना किती असेल सांगवत नाहीं, पण वडिलांचें नांव मात्र त्या शहरांत त्यांच्या आधीं सर्वत्र पोंचलेलें होतें.

असा सुखवस्तु घरचा, उच्च शिक्षण घेतलेला तरुण वकिलीकडे वळावयाचा. हृदयनाथ वळले ते पुण्याकडे. १२ जून १९०५ रोजीं फर्ग्युसन कॉलेजजवळील टेकडीवर नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. देशसेवा ही फावल्या वेळची गोष्ट नसून तिला पुरतें आयुष्य वाहणारीं शिक्षित माणसें पाहिजेत, हा गोखल्यांचा मूळ विचार. समाजांत येणारास सात प्रतिज्ञा कराव्या लागत. मनांत पहिलें स्थान देशास द्यावयाचें; सेवेंतून स्वतःचा लाभ साधावयाचा नाहीं; जात वा धर्म न पाहतां सर्व हिंदी लोकांस बंधु मानावयाचें; समाज जें वेतन देईल त्यांत संतोषानें राहून अधिक मिळविण्याची खटपट करावयाची नाहीं; शुद्ध आचरण ठेवावयाचें; कोणाशीं वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं; आणि समाजाच्या उद्देशास बाध येईल असें कांहीं करावयाचें नाहीं. १९०९ सालीं, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, हृदयनाथांनीं ह्या प्रतिज्ञा घेतल्या. पुढें तरुणपणींच पत्नी निवर्तली; त्यांनीं पुन्हा विवाह केला नाहीं.

ह्या सात प्रतिज्ञांपैकीं कोणाशीं भांडण न करण्याची प्रतिज्ञा वाचावयास सर्वांत सोपी वाटते. ज्यानें चार माणसांची समिति कधीं चालविली असेल त्यास ती तशी वाटणार नाहीं.

गोखल्यांचे शिष्य निरनिराळ्या दिशांस पांगले. नारायण मल्हार जोशी ह्यांनीं १९११ सालीं मुंबईंत गिरणगांवच्या वस्तींसाठीं सोशल सर्व्हिस लीग काढली. गोपाळ कृष्ण देवधर पुण्याच्या सेवासदनांत व सहकारी चळवळींत गढून गेले. पुढें ठक्कर बाप्पा भिल्लांच्या मुलुखांत गेले. हृदयनाथ प्रयागास परतले आणि १९१४ सालीं तेथें त्यांनीं सेवा समिति स्थापन केली. प्रयाग हें यात्रेचें क्षेत्र. दर माघांत तेथें मेळा भरतो, आणि कुंभाच्या वर्षीं तर माणसांचा महापूर लोटतो. गर्दींत चुकलेलीं मुलें आईबापांच्या हवालीं करणें, वृद्धांना हात देऊन संगमापर्यंत नेणें, आजाऱ्यांना उचलून दवाखान्यांत पोंचविणें, कोणी बुडूं लागल्यास धांवणें, हीं सेवा समितीच्या स्वयंसेवकांचीं कामें. १९१८ सालच्या आरंभीं प्रयागास कुंभमेळा भरला, त्या वेळीं ह्या कामाची मोठी कसोटी लागली. उत्साही तरुण वाटेल तितके मिळतात. परंतु कोणीं कोठें उभें राहावयाचें, कोणाची पाळी केव्हां बदलावयाची, हें ठरलें नसेल तर शंभर स्वयंसेवक म्हणजे मेळ्यांतील आणखी शंभर यात्रेकरू! शिस्त लहान वयांतच अंगीं बाणली पाहिजे, असें त्या मंडळींस वाटूं लागलें तर नवल नाहीं.

इकडे बालवीरांची चळवळ जगांत पसरत होती. तिचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेंतील मॅफेकिंग गांवास १८९९-१९०० सालीं वेढा पडला असतां तेथील मुलांनीं निरोप पोंचविण्याचें व इतर लहानसहान काम उत्तम केलें, हें त्यांनीं पाहिलें होतें. १९०७ सालीं इंग्लंडांत ब्राउनसी बेटावर वीस मुलांचें शिबिर भरवून त्यांनीं आपल्या पद्धतीचा प्रयोग केला. ही चळवळ हिंदुस्थानांत १९०९ सालीं बंगलोरास आली, आणि लौकरच पुणें, मुंबई, जबलपूर इत्यादि ठिकाणीं पथकें निघालीं. परंतु तीं गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं होतीं. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. ज्या चळवळींत प्रत्येक बालवीर दुसऱ्या बालवीराचा भाऊ मानला जातो, तिच्या दारावर अशी पाटी असावी ही मोठी विपरीत गोष्ट होय, आणि ती आपण मुलांपासून लपवूं नये.

तेव्हां हिंदी लोकांनीं आपलीं पथकें आपण काढलीं. शहाजहानपूरचे पंडित श्रीराम बाजपेयी ह्यांनीं १९१३ च्या सुमारास मुलें जमवून आपल्या परीनें काम सुरू केलें. मद्रासेकडे ॲनी बेझंट बाईंनीं १९१७ सालीं हिंदी बालवीरांची संस्था काढली. तिच्या मुलांच्या डोक्यावर टोपीच्या जागीं फेटा असे. प्रयागास १९१८ सालीं पंडित मदनमोहन मालवीय ह्यांच्या आशीर्वादानें सेवा समिति बालवीर संस्था उभी राहिली, आणि तिची धुरा कुंझरू व बाजपेयी ह्या दोघांनीं उचलली.

ह्या दोघांची वांटणी पाहण्यासारखी आहे. बाजपेयी मुलांत रमणारे. गांठी शिकविणें, शेकोटीभोंवतीं गोष्टी सांगणें, नवीं पथकें बांधणें हें त्यांचें क्षेत्र. कुंझरूंचें काम मुलांच्या दृष्टीस फारसें न पडणारें. पैसा उभा करणें, शाळांच्या चालकांस व संस्थानिकांस पटवून देणें, निरनिराळ्या गांवच्या कार्यकर्त्यांस एका नियमांत बांधणें, त्यांच्यांतील रुसवेफुगवे काढणें. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा कीं, मुलांत रमणारा एखादा बाजपेयी बहुतेक प्रत्येक शाळेंत निघतो. कुंझरू मिळत नाहींत.

ह्याचें एक उदाहरण माझ्याच पदरीं आहे, तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी आम्ही वीस-बावीस मुलें घेऊन एका शिबिरास गेलों. मदतनीस भरपूर होते. तंबू दोन ठिकाणांहून आले, तांदूळ तीन ठिकाणांहून आला. परंतु पाण्याचा टँकर सांगण्याचें काम दुसऱ्यानें केलें असेल असें प्रत्येकानें धरून चालल्यामुळें तें कोणीच केलें नव्हतें. एप्रिल महिन्यांतील दुपार; मराठवाड्याचें ऊन आपल्या वाचकांस वर्णून सांगावयास नको. शेजारच्या मळ्यांतील विहिरीवरून मुलांनीं घागरींनीं पाणी वाहिलें. संध्याकाळीं एका मुलास उन्हाची झळ लागून ताप चढला. मी रात्रभर त्याच्या उशाशीं बसलों होतों. सकाळीं त्याची आई आली. रागाचा एक शब्दही बोलली नाहीं, मुलाला घेऊन गेली. मुलगा बरा झाला, पण पथकांत पुन्हा आला नाहीं. त्या दिवशीं चूक कोणाची म्हणावी? तिथें आळशी कोणीच नव्हता. यादी हातांत घेऊन प्रत्येकाला विचारणारा माणूस नव्हता, आणि तो मी असावयास पाहिजे होतों.

असो. मूळ विषयाकडे येऊं. १९२१ सालीं बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानांत आले. पथकें अनेक आणि संस्थाही अनेक झाल्या होत्या; त्या सर्व एक कराव्यात असा त्यांचा प्रयत्न होता. बेझंटबाईंची संस्था मुख्य संस्थेंत मिळाली. सेवा समितीचे बालवीर मात्र बाहेर राहिले. प्रतिज्ञेंतील राजनिष्ठेचा शब्द आणि परक्यांच्या हातीं असलेला कारभार, हे प्रश्न त्यांच्यापुढें होते. कुंझरू हे कांहीं जहाल राजकारणी नव्हते. ते प्रागतिक पक्षाचे, सनदशीर मार्गाचे, १९३४ सालीं लिबरल फेडरेशनचे अध्यक्षही झालेले गृहस्थ. तरीसुद्धां आपल्या मुलांनीं कोणत्या शब्दांनीं प्रतिज्ञा करावी हें ठरविण्याचा अधिकार आपला आहे, ह्या मुद्यावर त्यांच्या संस्थेनें माघार घेतली नाहीं.

१९३७ सालीं दिल्लीस अखिल भारतीय मेळावा भरला, त्यासाठीं वृद्ध बेडन-पॉवेल पुन्हा आले. परत गेल्यावर त्यांनीं हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयीं जे अनुदार उद्गार काढले, त्यांनीं देशभर संताप उसळला. ज्या पुरुषाला मुलांनीं गुरुस्थानीं मानलें त्याच्याच लेखणींतून असें निघावें ह्याचें दुःख संतापाहूनही अधिक होतें. अनेक पथकें मूळ संस्थेंतून बाहेर पडलीं, आणि १९३८ सालीं तीं व सेवा समितीचे बालवीर मिळून हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निर्माण झाली. त्या दिवसांत बेडन-पॉवेलच्या सर्व पद्धतीवरच बहिष्कार टाकणें सोपें होतें. तसें झालें नाहीं. संघ, संघनायक, दररोजचें सत्कृत्य, उघड्या आकाशाखालीं शिक्षण, हें सारें चांगलें तें नव्या संस्थेनें ठेवलें.

ह्याच सुमारास, देवधरांच्या मृत्यूनंतर, १९३६ सालीं कुंझरू भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले. गोखले, श्रीनिवास शास्त्री, देवधर आणि त्यांच्यामागून कुंझरू, असा तो क्रम. हें पद त्यांनीं बेचाळीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, सांभाळलें. पुण्याशीं त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला तो असा.

स्वातंत्र्य आलें तेव्हां देशांत बालवीरांच्या दोन मोठ्या संस्था होत्या. एक जुनी बॉय स्काउट्स असोसिएशन, दुसरी हिंदुस्थान स्काउट असोसिएशन. मुलींची गाइड संस्था निराळीच. भांडणाचें मूळ कारण तर आतां उरलें नव्हतें. राजा गेला होता, परकी कारभारही गेला होता. पण भांडणाचें कारण गेलें म्हणजे भांडण जातें असें नाहीं, हें आपण भाऊबंदकींत नित्य पाहतों. दोन्हीकडे आपापलीं चिन्हें, आपापले अधिकारी, आपापला जमाखर्च. एकाच गांवांत दोन पथकें असावीं, एकाच कापडवाल्याकडे दोघांनीं देणगी मागावयास जावें, आणि त्यानें कोणालाच देऊं नये, असा तो मामला. संस्था एक करावयाच्या म्हणजे प्रत्येक जिल्ह्यांत दोन आयुक्तांपैकीं एकानें खुर्ची सोडावयाची.

शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद ह्यांची इच्छा व पंतप्रधान नेहरूंचा पाठिंबा होता. पण सरकारच्या इच्छेनें स्वयंसेवकांचीं मनें जुळत नसतात. तें काम दोन्ही बाजूंच्या माणसांनींच करावयाचें होतें. एका बाजूस कुंझरू व बाजपेयी. दुसऱ्या बाजूस न्यायमूर्ति विवियन बोस. ह्या बोसांचा परिचय मराठी वाचकांस करून देणें अवश्य आहे, कारण ते नागपूरचे. तेथील हायकोर्टाचे न्यायाधीश, पुढें मुख्य न्यायाधीश व नंतर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झालेले हे विद्वान् गृहस्थ अनेक वर्षें हौसेनें बालवीरांचें काम करीत. त्या वेळचे मध्यप्रांताचे गव्हर्नर मंगळदास पक्वासा ह्यांनींही ह्या खटपटींत भाग घेतला. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं दोन्ही संस्था विसर्जित होऊन भारत स्काउट्स व गाइड्स ही एक संस्था झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजीं गाइड मुलीही तींत आल्या. आपल्या बालवीरांच्या बिल्ल्यावर जुनें त्रिदल फूल, गाइडांचें तीन पानांचें चिन्ह आणि अशोकचक्र हीं एकावर एक दिसतात, तीं त्या एकीकरणाचीच खूण होय.

बत्तीस वर्षें वाढविलेली संस्था कुंझरूंनीं अशा रीतीनें स्वतःच्या हातांनीं नव्या संस्थेंत विलीन केली. संस्था काढणारे पुष्कळ असतात; आपली संस्था वेळीं मिटविणारा मला तरी दुसरा चटकन आठवत नाहीं. नव्या संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त म्हणून लोकांनीं त्यांनाच निवडलें. १९५६ सालीं सातपुड्यांतील पचमढी येथें बालवीरांच्या शिक्षकांसाठीं राष्ट्रीय शिक्षणकेंद्र निघालें, तें आजही चालू आहे.

तरुणांच्या संघटनेविषयीं सरकारला कांहीं विचारावयाचें असलें म्हणजे कुंझरूंचें नांव निघे. १९४६ सालीं त्यांच्याच अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली, आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन्‌सीसी, अस्तित्वांत आली. पुढें शाळाशाळांतून इतक्या योजना सुरू झाल्या कीं मुख्याध्यापक गोंधळून गेले. छात्रसेना, साहाय्यक छात्रसेना, बालवीर, कवाइती, आणि शिवाय सावंतवाडीकडचे व आझाद हिंद सेनेंत नांव मिळविलेले जनरल जगन्नाथराव भोसले ह्यांनीं १९५४ सालीं निर्वासितांच्या मुलांपासून सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना. ह्या सर्वांचा मेळ कसा घालावा हें सांगण्यासाठीं १९५९ सालीं पुन्हा कुंझरू समिति बसली. तिचा अहवाल १९६३ सालीं आला आणि त्यावरून सर्व शाळांसाठीं एकच एकत्रित कार्यक्रम आंखण्यांत आला. हा प्रयोग बालवीरांच्या एकीकरणासारखा सफल झाला, असें मात्र म्हणवत नाहीं. तो कार्यक्रम स्वतंत्रपणें फार काळ टिकला नाहीं. १९५० सालीं माणसें एकमेकांकडे चालत गेलीं होतीं. १९६३ सालीं कागदावरच्या योजना जोडावयाच्या होत्या. दोहोंत हा भेद मला दिसतो. बालवीर संस्था त्या एकत्रीकरणाबाहेर स्वयंसेवी म्हणून राहिली, तें बरेंच झालें.

घटनासमिति, राज्यसभा, रेल्वे चौकशी समिति, दिल्लीची जागतिक घडामोडींची परिषद, ह्या त्यांच्या इतर कामांची नुसती नांवें दिलीं तरी पानें भरतील. तीं येथें सोडून देतों. एक गोष्ट मात्र मुलांनीं ऐकावी. १९६८ सालीं त्यांना भारतरत्न ही पदवी देऊं करण्यांत आली. प्रजासत्ताक राज्यांत असे मानसन्मान असूं नयेत हें मत त्यांनीं पूर्वी मांडलें होतें. तें मत स्वतःच्या वेळीं त्यांनीं बदललें नाहीं, आणि पदवी नम्रपणें नाकारली. त्या वेळीं त्यांचें वय ऐंशीच्या वर होतें.

३ एप्रिल १९७८ रोजीं आग्रा येथें पंडित कुंझरूंचें देहावसान झालें. १९८७ सालीं, त्यांच्या जन्माला शंभर वर्षें झालीं तेव्हां, टपाल खात्यानें त्यांच्या चित्राचें एक तिकीट काढलें. तसलें एक तिकीट शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें मला दिलें आहे. बालवीरांच्या कपाटांत दोऱ्यांच्या गुंडाळ्यांवरच्या फळींत, शिबिराच्या यादीच्या वहीला तें आंतून चिकटविलेलें आहे. ज्या पालकांस वा विद्यार्थ्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येत्या शिबिराची यादीही त्याच वहींत आहे, आणि पाण्यापुढची जागा अजून कोरी आहे.